लाल फडक्याची काठी

१

सन दोन हजार चोवीस. आदल्या पावसाळ्यात उजनी पुरती भरलीच नव्हती. संक्रांत सरली आणि धरणातलं पाणी झपाट्यानं मागे हटायला लागलं. दर आठवड्याला काठ नवा. कित्येक वर्षं पाण्याखाली राहिलेले बांध, विहिरींची तोंडं, घरांची जोती एकेक करून वर आली. इंदापूर तालुक्यातली म्हातारी माणसं काठावर उभी राहून नातवंडांना बोटानं दाखवत, हे आपलं घर, ही आपली गल्ली. शालनबाईंची नातवंडं पुण्यात. त्यामुळे त्या पक्षी बघायला जात.

शालनबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. छत्तीस वर्षं इंदापूर तालुक्यातल्या शाळांत शिकवून आता बारामतीत राहत होत्या. रविवारी पक्षीमित्र मंडळाच्या सहलीला हजर. गुडघे दुखतात, पण होडीत बसायला गुडघे लागत नाहीत, असं म्हणायच्या.

एप्रिलच्या एकवीस तारखेला सकाळी आठच्या सुमारास होडी बेटाजवळ आली, तेव्हा सगळ्यांत आधी गप्प झाली ती श्यामला. ही दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. मंडळाची मोजणीची वही तिच्याकडे असे आणि एरवी तिचं तोंड क्षणभर मिटत नसे.

"बाई, आवाज नाही," ती शेवटी म्हणाली. "एकाही पाखराचा आवाज नाही."

दोन आठवड्यांपूर्वी, सात तारखेला, याच बेटावर नदी सुरय पक्ष्यांची अकरा घरटी होती. घरटं म्हणजे तरी काय, जमिनीतली तळहाताएवढी खळगी आणि तीत दोन-तीन ठिपक्याठिपक्यांची अंडी. कोणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून ज्ञानू नावाड्यानं मार्चातच तिथं बांबू रोवून त्याला बायकोच्या जुन्या लुगड्याचं लाल फडकं बांधलं होतं. काठी दिसली की होडी लांब थांबवायची, कोणी म्हणजे कोणी खाली उतरायचं नाही, असा नियम. चौदा तारखेचा रविवार बाबासाहेबांच्या जयंतीचा. ज्ञानू मिरवणुकीत, शालनबाई व्याख्यानाला, त्यामुळे सहल नव्हती. आज काठी होती, फडकं होतं. पाखरू एक नव्हतं.

मंडळाचा प्रमुख राजवर्धन आधी उतरला. बारामतीत त्याचं पंपांचं दुकान होतं आणि सहलीतही तो दुकानात असल्यासारखाच भरभर हुकूम सोडी. त्यानं बेटभर फेरी मारली.

"टरफलाचा तुकडासुद्धा नाही," तो म्हणाला. "कुत्र्यानं खाल्ली असती तर काहीतरी सांडलं असतं. कोणीतरी उचलून नेली."

"ज्ञानूला विचार," श्यामला म्हणाली.

"फोन लागत नाही. कालच निरोप आला, रविवारी जमणार नाही म्हणून. म्हणून तर हे आले." त्यानं कुंडलिककडे बोट दाखवलं. कुंडलिक निरवांगीचा. मेहुण्याची होडी चालवायला महिन्यापूर्वी इकडे आलेला. वल्हं बरं मारायचा, पण हे पाणी त्याला नवं होतं. लाल फडकं लांबून दिसलं आणि त्यानं होडी इकडे वळवली, एवढंच.

कुंडलिकनं डोक्याचं उपरणं सोडून पुन्हा बांधलं.

"मला बोलायचं न्हवतं सायेब. पर सोमवारी सांजच्या पारी ज्ञानू पाटी घिऊन काठाला आल्याला म्या बघितला. पाटीवर पोतं झाकल्यालं. म्हनलं काय हाय, तर म्हनला, तुला काय करायचं."

शालनबाईंनी काठीवरच्या लाल फडक्याकडे पाहिलं.

२

ज्ञानू त्यांचा विद्यार्थी. बुद्धवाड्यातला पहिला पोरगा ज्यानं स्वतःची होडी केली. नावाडी मंडळात त्याचं नाव घ्यायला दोघे-तिघे खळखळ करत होते, तेव्हा शालनबाईंनी बैठकीत उभं राहून सांगितलं होतं, "याच्या होडीत काही वावगं झालं तर मला विचारा." पाखरांच्या अंड्यांची चोरी म्हणजे वनखात्याचा गुन्हा. होडी तर जाणारच, शिवाय पोराला कोर्टाच्या पायऱ्या.

"पाचला काठावर नावाडी मंडळाची बैठक आहे," राजवर्धन म्हणाला. "तिथं सांगू. मग वनखात्याला फोन."

"पाचपर्यंत थांबशील ना?"

"तुमच्याकडे बघून थांबतो, बाई. एरवी आत्ताच केला असता."

"मग मला उतरव."

श्यामलाचा हात धरून त्या उतरल्या आणि खाली बघत हळूहळू चालू लागल्या.

"काय शोधताय?" श्यामलानं विचारलं.

"इथं काय नाही, ते."

सुरयांची वसाहत महिनाभर एका जागी नांदली की जमीन विष्ठेनं चुन्यासारखी पांढरी होते, माशांचे खवले विखुरलेले असतात. अंडी नेणारा पाटीत अंडी भरेल, पण जमीन धुऊन पुसून जाईल का? इथं पांढरा ठिपका नव्हता. उलट वाळलेलं शेवाळ कागदासारखं सुटत होतं, आणि एक शिंपला उचलला तर त्याच्या पोटात अजून ओला गाळ होता.

मग त्या बांबूपाशी गेल्या. फडकं ज्ञानूच्या घरचंच होतं, काठाची नक्षी ओळखीची. बांबूवर मात्र गुडघ्याएवढ्या उंचीपासून खाली गाळाच्या बारीक रेघा होत्या, पट्टीनं आखल्यासारख्या. शालनबाईंनी बोट लावून मोजल्या. सहा.

"राजवर्धन, नदीला पाणी सोडलंय का रे?"

"आठ दिवस झाले. रोज रात्री सोडतात, सकाळी थांबवतात."

त्यांनी मान हलवली. चार पावलांवर मातीतून एक काळा दगड डोकावत होता. त्यांनी चपलेच्या टोकानं माती सारली. लांबट, मध्ये कोरलेला दगड. डाव्या अंगाला काठ फुटलेला, बोटभर.

शालनबाई तिथंच उभ्या राहिल्या. ही डोण त्यांच्या ओळखीची होती. त्यांच्या बुडालेल्या गावच्या विहिरीवर गुरांना पाणी पाजायची डोण. सहा-सात वर्षांच्या असताना त्या कळशी घेऊन रोज इथं उभ्या राहत. विहिरीला हात लावायची त्यांच्या माणसांना मुभा नव्हती. कोणी बाई येईल, तिला दया येईल, ती वरून कळशीत पाणी ओतेल, म्हणून वाट बघायची. तासन् तास बघायची. वेळ जाईना म्हणून तो फुटका काठ बोटानं चाचपायचा. पुढे धम्मदीक्षा झाली, वाड्यानं स्वतःची विहीर खणली. मग धरण आलं आणि दोन्ही विहिरी बुडाल्या.

गावची विहीर ओढ्याकाठी, सगळ्यांत सखल जागी होती. घरी जाताना भरली कळशी घेऊन चढ चढावा लागे.

"बाई, बरं वाटत नाहीये का?" श्यामला म्हणाली.

"बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. "आता जरा बरं वाटतंय."

३

होडीत त्या मोहितशेजारी बसल्या. मोहित तिशीतला, कंपनीत इंजिनियर. फोटो देखणे काढायचा आणि ते थोडं मिरवायचाही. आज सकाळपासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

"सात तारखेचे फोटो आहेत का रे त्यात? दाखव की."

तो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर भरभर चित्रं पुढे सरकवू लागला. शालनबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. पडद्यावर तीन अंडी होती, ठिपका न् ठिपका मोजता येईल अशी. मागे लांबवर साखर कारखान्याचं धुराडं आणि त्याच्या उजवीकडे बुडालेल्या देवळाचं पाण्याबाहेर आलेलं शिखर.

होडी अजून बेटालाच लागलेली होती. शालनबाईंनी मान वळवून बेटापलीकडे क्षितिजाकडे पाहिलं. धुराडं होतं, शिखर होतं. शिखर धुराड्याच्या डावीकडे होतं.

काठावर पोचल्यावर इतर चहाला गेले. काठाला छबूबाई बांबूंच्या जुडीला टेकून फाटकं जाळं विणत बसल्या होत्या, त्यांना "बरं हाय का" विचारून शालनबाईंनी मोहितला बाभळीखाली घेतलं.

"सात तारखेला आपण कोणी होडीतून उतरलो होतो?"

"नाही."

"मग हातभर अंतरावरून अंड्यांचा फोटो कोणी काढला? अंड्यांनी?"

मोहित जमिनीकडे बघू लागला.

"चौदाला आलास," त्या म्हणाल्या. "ज्ञानू मिरवणुकीत असणार हे ठाऊक होतं."

"पलीकडच्या काठावरून आलो, करमाळ्याच्या बाजूनं. पुण्याचे तीन मित्र होते. काठी लांबूनच दिसली."

"किती वेळ होतात?"

"पाऊण तास. पाखरं वर नुसती ओरडत होती." त्याचा आवाज बारीक झाला. "बाई, मला वाटतंय माझ्यामुळंच ती अंडी सोडून गेली. नंतर कुत्र्यांनी नाहीतर कोणी..."

"आणि ज्ञानूचं नाव निघालं, तेव्हा?"

मोहितनं कॅमेऱ्याचं झाकण लावलं. शालनबाईंनी आग्रह धरला नाही. शाळेत त्या खोटं बोललेल्या मुलाला उभं करत नसत; स्वतःहून उठेपर्यंत वाट बघत.

"पाचच्या बैठकीला थांब," एवढंच म्हणाल्या.

मोहितनं अंडी नेली नव्हती, हे त्यांना दिसत होतं. पण मग सोमवारची पाटी? बांबू जागचा हलला कसा? आणि ज्ञानू आज कुठं होता?

४

ज्ञानूची बायको फुलाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. बाईंना बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि पदर सावरला. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती, डोळे सुजलेले होते.

"बाई, तुमीच इचारा त्येला. मला काय बी सांगत न्हाय. बुधवारपासनं फाटंचं भाकरी बांधून जातोय, दिवस बुडाल्यावर येतोय. होडी हितंच, फोन बी बंद करून हितंच. म्या म्हनलं, दुसरा संसार थाटलाय का कुठं? तर हासतोय."

"होडी नेत नाही?"

"न्हाय की. पायीच. काल तर हातात दांडकं हुतं. आन् छबूमावशीकडनं जुनं जाळं मागून न्हेलं."

"सोमवारी पाटी आणली होती. तीत काय होतं?"

"काय असायचं. पान्याच्या बाटल्या, चकल्यांच्या पिशव्या, कसला कसला कचरा. म्हनलं, ह्यो उकिरडा घरात कशाला आणलास? तर म्हनला, तिकडं टाकला तर पिलांच्या गळ्यात अडकंल."

शालनबाई ओट्यावर टेकल्या. फुलाबाईनं दिलेला तांब्या त्यांनी हातात धरला, पण पाणी प्यायचं त्यांना सुचेना. बांबूवरच्या सहा रेघा. होडी न नेता पायी जाणारा नावाडी. दांडकं. जाळं. डोळे मिटून त्यांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं गाव समोर आणलं. ओढा, विहीर, डोण. तिथून चढ. वर निंबाचं टेकाड, गावातली सगळ्यांत उंच जागा. आणि टेकाडाच्या मागून निघून माळाकडे जाणारी बैलगाडीची वाट, दोन्हीकडे खोल, मध्ये उंचवटा.

"फुला," त्या म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्यानं दुसरा संसार थाटलाय खरा."

फुलाबाईचा चेहरा उतरला.

"अगं, पाखरांचा. चल, कोणाची तरी रिक्षा बघ. वाट मी दाखवते."

५

रिक्षा माळापर्यंत गेली. पुढे पायी. जुनी गाडीवाट पाण्यातून वर आली होती आणि तिच्या टोकाला टेकाड दिसत होतं, तिन्ही बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला ही दहा हात रुंद चिंचोळी पट्टी. पट्टीवर आडवं जाळं ताणलेलं. जाळ्याच्या अलीकडे, पोत्याची सावली करून, मांडीवर दांडकं घेऊन ज्ञानू बसला होता.

दोघींना बघून तो ताडकन उठला.

"बाई, तुमी? ह्या उन्हात?"

"अंडी कुठं आहेत?"

"म्या न्हाय न्हेली."

"ते मला ठाऊक आहे. मी काय विचारलं?"

ज्ञानू टेकाडाकडे बघेना, मुद्दाम दुसरीकडे बघत राहिला. शालनबाईंना हसू आलं. चौथीत असतानाही हा असाच, ज्या दप्तरात चिंचा असतील त्याच्याकडे कधी बघायचा नाही.

त्यांनी पिशवीतून दुर्बीण काढली. टेकाडावर पांढरी-करडी पाखरं उठत होती, बसत होती, पिवळ्या चोची उघडून एकमेकांवर ओरडत होती. आणि त्यांच्या पायांत, मातीच्याच रंगाची, धावताना दिसली तरच दिसणारी पिल्लं. एक, तीन, पाच. नवव्या पिल्लानंतर दुर्बिणीची काच धूसर झाली. त्यांनी ती पदरानं पुसली, मग डोळे पुसले.

"बुधवारी पानी उतरलं आन् वाट उघडी पडली," ज्ञानू म्हणाला. "दोन कुत्री आली हुती. मग काय करनार? अजून पंधरा-वीस दिस गेलं की उडत्याली."

"गावात तुला चोर म्हणतायत."

"म्हनूं द्या. सांगितलं असतं तर समदी बघायला आली असती. त्या काठीनंच घात केला, बाई. म्या रवली राखनीला, आन् लोकांनी त्याच खुनंवर वाट धरली. जयंतीदिशी कोन येऊन उतरलं, म्हाईत न्हाय. सोमवारी कचरा उचलला, काठी उपटली आन् छबूमावशीला दिऊन टाकली. तिला जाळ्याला खुटा पायजेच हुता."

"होडी गेली असती की तुझी."

ज्ञानूनं दांडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "तुमी हाय की," तो म्हणाला.

६

पाचला काठावर नावाडी मंडळ जमलं. राजवर्धनच्या हातात फोन तयार होता. शालनबाईंनी फक्त दहा मिनिटं मागून घेतली आणि कुंडलिककडून उपटून आणवलेला बांबू सगळ्यांसमोर आडवा धरला.

"या सहा रेघा. रोज रात्री पाणी उतरतं, दिवसा थांबतं, एक रेघ राहते. सहा रेघा म्हणजे सहा दिवस. सोमवारी पंधरा तारखेला ही काठी गुडघाभर पाण्यात उभी होती. पाखरू पाण्यात अंडी घालतं का रे कुंडलिक?"

"कसं घालंल, बाई."

"सात तारखेला ही कोरड्या जमिनीवर होती. म्हणजे आज आपण गेलो ते बेट वेगळं. आठवड्यापूर्वी ते बेटच नव्हतं. पाणी उतरलं, जमीन काठीखाली वर आली, आणि आपण काठी बघून गेलो. जागा कोणी बघितलीच नाही. सात तारखेला पाणी होतं तिथं अंडी नव्हती. नव्हती ती चोरीला कशी जातील?"

"पण बाई, तुम्हाला खात्री काय?" राजवर्धननं विचारलं.

"मोहितच्या फोटोत शिखर धुराड्याच्या उजवीकडे आहे. आजच्या बेटावरून डावीकडे दिसतं. देऊळ तर चालत गेलं नसेल ना? आणि तिथं विहिरीची डोण आहे. ती विहीर गावच्या तळाला होती. तिथं किती उभी राहिलेय, ते मला ठाऊक."

मागे बसलेल्या छबूबाईंनी जाळं बाजूला केलं.

"ती काठी माझी हाय. ज्ञानबानं दिल्याली. शुक्रवारी पानी आटलं म्हनून म्या जाळं काढलं, काठी तितंच ऱ्हायली. सकाळधरनं हितंच बसलीया, मला कुनी इचारलंच न्हाय."

हशा पिकला. त्या हशातच मोहित उठला. चौदा तारखेचं सगळं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, खाली न बघता. शेवटी म्हणाला, "ज्ञानूदादाचं नाव घेतलं गेलं, तेव्हा मी गप्प बसलो. ते जास्त वाईट केलं."

"मग आत्ता ती पिल्लं कुठं आहेत?" राजवर्धननं विचारलं.

"आहेत," शालनबाई म्हणाल्या. "पावसाळ्यापर्यंत एवढ्यावर भागव."

राजवर्धननं फोन खिशात टाकला. दिवस बुडाल्यावर तो ज्ञानूच्या घराकडे चालत गेला. काय बोलणं झालं ते कोणाला कळलं नाही, पण परतताना त्याच्या खांद्यावर ज्ञानूचं सावलीचं पोतं होतं, आणि सोमवारची राखणीची पाळी त्यानं स्वतःकडे घेतली होती.

त्या साली मेच्या मध्यापर्यंत टेकाडावरची चोवीस पिल्लं उडाली. आकडा श्यामलाच्या वहीत आहे. पुढच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ती घरी बसून सगळ्यांच्या नोंदी तपासू लागली आणि चुका काढू लागली. मोहितनं तो फोटो कुठंच लावला नाही. उन्हाळ्यात सुट्टी काढून तो राखणीला येतो, कॅमेरा घरी ठेवून. राजवर्धननं मंडळाच्या नियमांत एक ओळ घातली: घरट्यापाशी कसलीही खूण करायची नाही. कुंडलिकला हे पाणी मानवलं. त्यानं मेहुण्याकडून होडी विकत घेतली आणि इथल्या पाण्याच्या खाणाखुणा शिकला तो ज्ञानूकडून. ज्ञानू दुसऱ्या वर्षी नावाडी मंडळाचा सचिव झाला. फुलाबाई अजून माणसांना सांगते की नवऱ्यानं दुसरा संसार केला होता, आणि समोरचा गांगरला की पोट धरून हसते. बांबू छबूबाईंच्याच जाळ्याला आहे. फडकं विटून गुलाबी झालंय.

त्याच साली, दोन हजार चोवीसच्या ऑगस्टात, उजनी काठोकाठ भरली आणि डोण पुन्हा पाण्याखाली गेली. दिवाळीनंतरच्या पहिल्या सहलीला शालनबाई ज्ञानूच्या होडीत होत्या. एका जागी त्यानं वल्ही थांबवली.

"बाई, हितं."

शालनबाईंनी होडीच्या कडेवरून वाकून पाण्यात हात बुडवला, मनगटापर्यंत, आणि किती तरी वेळ तसाच राहू दिला. कोणाची वाट बघायची नव्हती.

"चल आता," त्या म्हणाल्या. "पाखरं बघू."